वेणक्कांच्या घरचं सवाष्णीचं पान

न शिवणं हा माझा धंदा. "लांब राहा, अंगावर येऊ नका" असं लोकांना बजावत मी आयुष्यभर पोट भरलं, आणि घराघरांतली पोरंटोरं त्यावर हसत आली. मग एका उन्हाळ्याच्या तोंडी सरकारच टीव्हीवरून तेच सांगायला लागलं. बाहेरून आलात की आंघोळ करा, कपडे वेगळे टाका, कुणाला हात लावू नका. मल्लेश्वरमच्या एका घरातल्या नातवानं मला फोन करून सांगितलं, "कमळक्का, आता सगळं बेंगळूर तुमच्यासारखं झालंय." मी म्हटलं, होऊ दे बाबा, दोन दिवसांत कंटाळाल.

मी सोवळ्याचा स्वयंपाक करते. नव्या मंडळींना हे समजावून सांगावं लागतं. सणावाराला, श्राद्धपक्षाला देवाचा किंवा पितरांचा नैवेद्य ज्या स्वयंपाकातून दाखवायचा, तो आंघोळ करून, वेगळं वाळवलेलं लुगडं नेसून, कुणाचाही स्पर्श होऊ न देता करायचा. नैवेद्य होईपर्यंत चव घ्यायची नाही. कन्नडमध्ये याला मडी म्हणतात, त्यामुळे शेजारीपाजारी सांगताना अडचण येत नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलींना सांगताना मात्र येते. त्यातली एक मला म्हणाली होती, "म्हणजे काकू, हायजीनच ना?" हायजीन नाही गं बाई. हायजीन असतं तर साबणानं भागलं असतं. या न शिवण्यानं आपल्या लोकांनी किती माणसांना दारात उभं ठेवलं, हे मला कळतं. त्याचं कौतुक मी सांगणार नाही. पण हात ज्या कामावर बसला ते काम मला आवडतं, हेही खरं आहे.

माझं माहेर मिरजेचं. लग्न होऊन इथल्या जुन्या मराठी घरात आले. ही घरं इतकी जुनी की त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड आहे आणि त्यांना ते ऐकू येत नाही. यजमान लवकर गेले, तेव्हा सासूबाईंनी मला याच कामात आपल्या हाताखाली घेतलं. सोवळ्यातला स्वयंपाक करायला विधवा बाई असणं हे जुन्या घरांतून रीतीचंच होतं. नैवेद्य तिनं रांधायचा, पण कुंकवाच्या जागी तिनं पुढे यायचं नाही. पुढे यायचं नाही असं मला कुणी तोंडानं कधी म्हणालं नाही. मीच मागे राहायला शिकले आणि मग ते माझ्या अंगवळणी पडलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. आठव्या क्रॉसवर, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्यावर, एक निवृत्त इंजिनियर होते. मिक्सर सोवळ्यात चालतो की नाही, यावर त्यांनी पुष्कळ विचार केला होता. पातं आपोआप फिरतं, त्याला माणसाचा हात लागत नाही, म्हणून मिक्सर चालतो. पण बटण ओवळ्या माणसानं दाबायचं, असा त्यांचा निकाल. म्हणून मी "चालू" म्हटलं की ते बटण दाबायचे आणि "बंद" म्हटलं की बंद करायचे. त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांच्या घरच्या चटण्या फार बारीक होत.

महामारी आली तेव्हा सगळ्यांत आधी गाजला तो सॅनिटायझरचा प्रश्न. त्यात दारू असते, मग तो हाताला लावून नैवेद्य कसा करायचा? आनेकलचे गुरुजी फोनवर म्हणाले, आपद्धर्म म्हणून चालेल. एका घरी सासूबाई म्हणाल्या, दारू ती दारू. शेवटी मी सॅनिटायझर लावून आत जायचं आणि मग न्हाणीत आंघोळ करून तो धुऊन टाकायचा, असं ठरलं. त्यात कुणाचा काय फायदा झाला कोण जाणे. सगळे खूश झाले.

गुरुजी तेव्हा फोनमध्येच राहत होते म्हणा ना. टाळेबंदीत देवनहळ्ळीच्या एका नव्या लेआउटमधून नागपूरच्या एका मुलाचा फोन आला. आयटीतला, बायको माहेरी अडकलेली, आईचं श्राद्ध आलेलं. जेवायला ब्राह्मण मिळेनात, म्हणून गुरुजींनी दर्भाचे बटू करून त्यांना पानावर बसवायला सांगितलं. शास्त्रात त्याची सोय आहे आणि ती कुणा शहाण्यानं अशाच वेळेसाठी करून ठेवली असणार. मलाही जाता येईना, मग त्या मुलानं फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मी सांगेन तसं तो करत गेला. सगळं झाल्यावर हळूच म्हणाला, "काकू, आईला वांग्याची भाजी फार आवडायची. यात चालते का?" चालत नाही. पण गुरुजींचा फोन तेवढ्यात ठेवला गेला होता. मी म्हटलं, कर आणि वाढ पानावर. ती कशी करायची हे त्यानं विचारलं नाही, त्याला ती येत होती.

पण मला सांगायचंय ते वेणक्कांच्या गौरींबद्दल.

वेणक्का मल्लेश्वरमच्या जुन्या वस्तीतल्या. ऐंशीच्या घरातल्या, अंगानं काडी आणि आवाजानं खणखणीत. मुलगा प्रसन्न आणि पुण्याची सून मानसी, दोघंही घरात बसून कंप्युटरवर काम करणारे. इथल्या कन्नड घरांत गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी येते. आपल्या ज्येष्ठा-कनिष्ठा गणपतीनंतर येतात, त्यामुळे गल्लीतल्या बायका वेणक्कांना दरवर्षी विचारायच्या की तुमची गौरी उशिरा का निघाली. गौरी आल्या की दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, पडवळाची कढी असा नैवेद्य. तो इतकी वर्षं मीच करत आले.

या नैवेद्याची एक अट आहे. गौरींच्या शेजारी सवाष्णीचं पान मांडायचं. सवाष्ण म्हणजे जिचा नवरा हयात आहे अशी बाई, तीही घरातली नव्हे, बाहेरून बोलावून आणलेली. ती म्हणजे साक्षात देवी. ती पोटभर जेवली की देवी जेवली. तोपर्यंत घरात कुणी तोंडात पाणी घालायचं नाही. वेणक्कांच्या घरी दोन गल्ल्या पलीकडच्या कुसुमक्का सवाष्ण म्हणून ठरलेल्या. त्या जेवायच्या, वेणक्का समोर बसून आग्रह करायच्या, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पोळ्या पुढे सरकवायची. सगळ्यांची पानं उठली की मी मागच्या पडवीत जेवायची.

त्या वर्षी मानसीनं आधीच फोन केला. "काकू, तुम्ही आठ-दहा दिवस आधीच राहायला या. वरच्या रूममध्ये आयसोलेट व्हा, टेस्ट करू, मग टेन्शनच नाही." त्याप्रमाणे मी गेले. नाकात काडी घालून घेतली. वरच्या खोलीत बसून सोळा भाज्यांची जुळवाजुळव फोनवरून केली. कुसुमक्काही घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी मास्क लावून यायचं, खिडकीपाशी लांब पान मांडायचं, असं मानसीनं सगळं आखून ठेवलं होतं.

नैवेद्याच्या दिवशी सकाळी पुरण वाटून झालं आणि कुसुमक्कांचा फोन आला. त्यांच्या गल्लीत कुणीतरी पॉझिटिव्ह निघालं होतं. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून गल्ली बंद केली होती आणि पोलीस बसला होता.

वेणक्का म्हणाल्या, "सरी, बरं, दुसरं कुणी बघू." बघायला कोण होतं? समोरच्या शारदम्मांच्या घरी सगळे तापानं पडलेले. बाकीच्यांनी फोनवरच हात जोडले, आणि त्यांचं चूक नव्हतं. मानसीनं मी बसते म्हटलं, पण घरातली सून बाहेरची सवाष्ण होत नाही. प्रसन्ननं कुसुमक्कांना व्हिडिओवर जेवायला बसवायची कल्पना काढली. वेणक्कांनी नीट ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पान हितं, जेवणार तिथं. मग देवीच्या पोटात काय गेलं?" तेव्हा प्रसन्न डबा घेऊन पत्र्यांपाशी गेला, सोवळं मोडलं तरी चालेल असं वेणक्काच म्हणाल्या, पण पोलिसानं डबा घ्यायला नकार दिला आणि तो परत आला.

इतक्यात दुपार उलटली. वेणक्कांना साखरेचा आजार. सकाळची गोळी तेवढी कोरडी गिळलेली आणि पोटात काही नाही. प्रसन्न काकुळतीला आला, मानसी दुधाचा पेला घेऊन मागेमागे फिरू लागली. वेणक्का गौरींपुढे भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मान हलवत होत्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्यांचे हात थरथरायला लागले होते. दवाखान्यात नेऊ म्हणावं, तर त्या दिवसांत दवाखान्यात जाणं म्हणजे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्या बाईचा असा संताप आला की हातातली पळी आपटावीशी वाटली. देवी काय एक दिवस उपाशी राहिली तर मरणार होती? वेणक्का मात्र मरू शकत होत्या.

त्या उठल्या. भिंतीला धरून धरून स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या.

"कमळी, हातातलं ठेव. पान मांडलंय, येऊन बस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"माझ्या कपाळाकडे बघा वेणक्का."

"बघितलं. इतकी वर्षं बघतेच आहे," त्या म्हणाल्या. "घरात बाहेरची अशी तूच एक आहेस. देवीला यायचं असतं तर तिनं कुणाला तरी पाठवलं असतं. ती तुला आधीच पाठवून मोकळी झाली, आणि मी सकाळपासून दार बघत बसले. सुम्ने, गप बस आता, माझ्यात बोलायचं त्राण नाही."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला देवी आठवली नाही की बायकांचे हक्क आठवले नाहीत. ही आता चक्कर येऊन पडणार, एवढंच डोक्यात होतं. मी जाऊन पाटावर बसले. वेणक्कांनी मला हळद लावली. मग कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि ते तसंच धरून राहिल्या. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यांना नाही लावायचं तर सोपं जावं. बोट कपाळाला टेकलं तेव्हा ते गार होतं आणि थरथरत होतं. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

मग मी जेवले. इतकी वर्षं रांधून मी माझ्या हातची पुरणपोळी तव्यावरून पानात अशी पहिल्यांदाच खाल्ली. मानसीनं वाढली, वर तूप ओतलं. वेलची थोडी जास्त झाली होती. मागाहून गार खाताना मला ते कधी कळलं नव्हतं, पण ती दरवर्षीच होत असणार आणि कुसुमक्का भिडेपोटी बोलत नसणार. मी भराभर जेवत होते, वेणक्कांच्या पोटात लवकर काही जावं म्हणून. पण त्याच मला म्हणाल्या, "स्वल्प सावकाश. देवी अशी जेवत नाही." मी उठल्यावर त्यांनी दुधाचा पेला घेतला, नंतर अर्धी पोळी, आणि अंधार पडायच्या आत त्यांचा आवाज पूर्ववत खणखणीत झाला.

याबद्दल नंतर आम्ही कुणीच बोललो नाही. घरी जाताना मी कुंकू पुसलं. ते आपद्धर्मातलं होतं, दर्भाच्या बटूसारखं. बटूला काही कुणी पुढच्या वर्षी आमंत्रण देत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साथ फिरून आली आणि फार वाईट आली. प्रसन्नला कोरोना झाला. ऑक्सिजनसाठी मानसीनं किती फोन केले याला सुमार नाही. तो वाचला, पण कित्येक आठवडे त्याला जिना चढवत नव्हता. त्या दिवसांत माझ्या मनात एक किडा वळवळायला लागला. गौरीच्या पानावर विधवा बसली आणि वर्षाच्या आत घरातला कर्ता मुलगा मरणाच्या दारी गेला. मी अडाणी नाही. यात काही अर्थ नाही हे मला समजतं. तरी तो किडा जाईना, आणि मला जे सुचलं ते वेणक्कांना सुचलं नसेल कशावरून?

भाद्रपद आला. आता कुठं पत्रे नव्हते, लसी टोचून झाल्या होत्या. दरवर्षी वेणक्का मला भाज्यांची आठवण करायला फोन करायच्या, तो येईना. शेवटी मीच केला. त्या म्हणाल्या, "यंदा तू स्वयंपाकाला येऊ नकोस." बाकी काही नाही. मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी फोन ठेवला.

मी बसूनच राहिले. कामाचं मला दुःख नव्हतं, त्या आठवड्यात दुसऱ्या दोन घरी मला बोलावलं होतं. मी दोन्हीकडे नाही म्हणून कळवलं. त्या घरच्या गौरींचे मुखवटे मी इतकी वर्षं दाराआडून बघत आले होते, आणि एकदाच समोरून बघितले तर ते असे अंगाशी आले. वेणक्कांनी मला दोष द्यावा याहून, मला तो पटावा याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

गौरी यायच्या आदल्या दिवशी दारात गाडी थांबली. मानसीनं वेणक्कांना हाताला धरून उतरवलं. साथ सुरू झाल्यापासून ती बाई दवाखाना सोडून कुठं गेली नव्हती. माझ्या घरापर्यंतचा जिना चढताना चार ठिकाणी थांबली. आत आल्यावर पदराखालून कुंकवाची कोयरी आणि अक्षतांची वाटी काढली. सवाष्णीला घरी जाऊन अक्षत द्यायची असते, फोनवर बोलावून भागत नाही.

"परवा जेवायला यायचं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "वेणक्का, गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. अडचण होती म्हणून चाललं. यंदा कुसुमक्का आहेत."

"कुसुम येणारच आहे. तिचं पान तिला, तुझं तुला."

"लोक काय म्हणतील?"

"कुळाचार लोकांना विचारून करतात होय गं? एकदा जिला देवी म्हणून पानावर बसवली, तिला दुसऱ्या वर्षी सोडता येत नाही. सोडली की बाधतं." मग मानसीकडे बघून म्हणाल्या, "माझा प्रसन्न परत आला तो उगाच आला असं वाटतं तुला?"

जे मी माझ्याविरुद्ध मोजून ठेवलं होतं, तेच या बाईनं माझ्या बाजूला मांडलं होतं. मी विचारलं, मग मला स्वयंपाकाला नको का म्हणालात? त्यांना माझ्या मंदपणाचं खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "सवाष्णीला चुलीपाशी बसवू? माझ्या घरात?"

जी बाई सोवळ्यासाठी आयुष्यभर हट्ट धरून बसली, तिचा हट्टच माझ्या कामी आला. नवं काही करायचं म्हणून वेणक्कांनी ते केलं नाही. जुनं सोडायचं नाही म्हणून केलं. एखादी सुधारक बाई मला पानावर बसवती तर दुसऱ्या वर्षी ती दुसऱ्या सुधारणेकडे गेली असती, असं मला आपलं वाटतं.

नैवेद्याच्या दिवशी मी गेले. जरीच्या काठाची साडी नेसून गेले आणि वाटेत रिक्षात दोनदा वाटलं की परत फिरावं. कुसुमक्का आधीच पाटावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा आखडला. वेणक्कांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, या वेळी बोट अडलं नाही. कुसुमक्का बराच वेळ केळीच्या पानावर पाणी फिरवत राहिल्या. मग आपला पाट किंचित भिंतीकडे सरकवून म्हणाल्या, "नीट बस, तुझं पान अर्धं माझ्या मांडीवर आलंय."

स्वयंपाक मानसीनं केला होता. प्रसन्नसुद्धा सोवळं नेसून भाज्या चिरायला बसला होता, दम लागला की थांबत. सोळा भाज्या झाल्या होत्या, त्यातल्या काही शिजल्याही होत्या. कढी फुटली होती. पुरणपोळीच्या एका बाजूला सगळं पुरण आणि दुसऱ्या बाजूला नुसती कणीक. कुसुमक्का घास घेऊन थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या, जणू दोष मीच द्यायचा. मी मान वर केली.

स्वयंपाकघराच्या दारात मानसी उभी होती. तोंड घामानं लाल, केस कणकेनं माखलेले, आणि नजर माझ्या पानावर. पोळी चांगली झाली का, हे विचारायचं नसतं आणि आम्ही सांगायचं नसतं. बायका जेवतात आणि उठतात. त्या दारात मी कितीतरी वर्षं उभी राहिले होते, आणि तिथं उभं राहिलेलीला काय ऐकायचं असतं, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मी पानातली पोळी संपवली, आणि आणखी एक मागितली.